एक सॉकेट, दोन थ्रेड: कर्नलच्या नेटवर्किंगमधील रेस कंडिशनचा आढावा

प्रश्न काय आहे

होटगी जंक्शनला सोलापूरकडून आलेला लोहमार्ग फुटतो. एक फाटा अक्कलकोट रोड, कलबुर्गी करत वाडीला जातो, दुसरा विजयपूरमार्गे गदगला. उलट्या दिशेने या दोन्हीकडच्या गाड्या होटगीत येऊन सोलापूरची वाट धरतात. समजा, दोन केबिनमधल्या दोन माणसांनी एकाच क्षणी पुढचा मार्ग मोकळा आहे का ते पाहिले, दोघांनाही तो मोकळा दिसला आणि दोघांनीही सिग्नल दिला. दोघांचेही पाहणे खरे होते. घोटाळा झाला तो पाहणे आणि मार्ग ताब्यात घेणे यांच्या मधल्या फटीत. रेल्वेने ही फट इंटरलॉकिंगने बुजवली आणि एकेरी मार्गावर टोकनच्या गोळ्याने. गोळा हातात आल्याशिवाय गाडी हलत नाही आणि त्या मार्गाचा गोळा एका वेळी एकच बाहेर निघतो.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, याच फटीला रेस कंडिशन म्हणतात. दोन थ्रेड एकाच माहितीला हात घालतात आणि निकाल कोण आधी पोचले यावर ठरतो. दहा लाख वेळा सगळे सुरळीत चालते, एकदा बिघडते, आणि तपासायला बसावे तर पुन्हा घडत नाही. दोष कर्नलमध्येच असतो असे नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली, तेव्हा ओहायोतल्या नियंत्रण कक्षाची धोक्याची सूचना देणारी प्रणाली मुकी झाली होती. त्या सॉफ्टवेअरमध्ये पुढे सापडलेला दोष याच जातीचा होता.

नेटवर्किंगचा कोड या बाबतीत विशेष नाजूक आहे. एकाच सॉकेटला, म्हणजे प्रोग्रामच्या नेटवर्क जोडणीच्या टोकाला, चार बाजूंनी हात लागतो: प्रोग्रामने केलेला सिस्टिम कॉल, कार्डावर येऊन थडकलेले पॅकेट, मुदत संपल्यावर आपोआप उडणारा टायमर आणि चालू यंत्रावर इंटरफेस, मार्ग वा नियम बदलणारा प्रशासक. हे चौघे चार वेगळ्या कोअरवर एकाच वेळी चालू शकतात. शिवाय पॅकेट कधी यावे हे पलीकडचे यंत्र ठरवते, आणि ते यंत्र शत्रूचेही असू शकते. या लेखात आढावा आहे तो मुख्यतः लिनक्सचा, कारण त्याचा कोड आणि त्यावरची चर्चा दोन्ही उघड्यावर आहेत. होटगीच्या बाजारात ज्याच्या हाती अँड्रॉइड फोन आहे, त्याच्याही खिशात हाच कोड आहे.

एका मोठ्या लॉकपासून सुरुवात

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहायला घेतला तेव्हा घरगुती संगणकात एकच प्रोसेसर असे आणि हा प्रश्न जवळपास इंटरप्टपुरताच होता. जून १९९६ मधल्या २.० आवृत्तीने अनेक प्रोसेसरना आधार दिला, तो ‘बिग कर्नल लॉक’ या एका भल्यामोठ्या लॉकच्या जोरावर. कर्नलच्या कोडमध्ये एका वेळी एकच प्रोसेसर. सुरक्षित, पण बाकीचे ताटकळत.

याची किंमत एप्रिल १९९९ मध्ये चव्हाट्यावर आली. माइंडक्राफ्ट या संस्थेने चार प्रोसेसर आणि चार नेटवर्क कार्डे असलेल्या यंत्रावर विंडोज एनटी आणि लिनक्स यांची तुलना केली. चाचणीचा खर्च मायक्रोसॉफ्टने केला होता, म्हणून आरडाओरडा खूप झाला. पण फेरचाचणीतही लिनक्स मागेच पडला, आणि नेटवर्क स्टॅक अनेक प्रोसेसरवर नीट पसरत नाही हे जाणकारांनी मान्य केले. जानेवारी २००१ मधल्या २.४ पर्यंत अलेक्सी कुझनेत्सोव्ह आणि डेव्हिड मिलर यांनी स्टॅकची पुनर्रचना करून वेगवेगळ्या कोअरवर पॅकेट समांतर हाताळण्याची सोय केली. बिग कर्नल लॉक मात्र पूर्ण निघायला मे २०११ मधली २.६.३९ आवृत्ती उजाडली. आजच्या बहुतेक वादांचे मूळ या पंधरा वर्षांत आहे. मोठे लॉक फोडून लहान केले की वेग मिळतो, पण कोणते लॉक कोणत्या माहितीची राखण करते हे कुठे तरी लिहून ठेवावे लागते, आणि ते बऱ्याचदा लिहिले गेले नाही.

दोन दुरुस्त्या जवळून

२०१६ च्या अखेरीस फिलिप पेटरसन यांनी उघड केलेला दोष (सुरक्षादोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक सीव्हीई-२०१६-८६५५) नमुना म्हणून घेण्यासारखा आहे. पॅकेट सॉकेट म्हणजे कार्डावर येणारी पॅकेट कच्च्या स्वरूपात पाहण्याची सोय. टीसीपीडंपसारखी हत्यारे ती वापरतात. या सॉकेटला एक रिंग बफर जोडता येतो आणि बफरची आवृत्ती १, २ किंवा ३ अशी निवडता येते. तिसऱ्या आवृत्तीत बफर तयार करताना एक टायमरही सुरू होतो. सॉकेट बंद करताना कर्नल आवृत्ती पाहतो: तिसरी असेल तर टायमर थांबवतो, नाही तर थांबवण्यासारखे काही नाही असे गृहीत धरतो.

बफर एकदा जोडला की आवृत्ती बदलायची नाही, अशी तपासणी कोडमध्ये होती. पण ती तपासणी आणि बफरची जोडणी यांना एकत्र बांधणारे लॉक नव्हते. एक थ्रेड तिसऱ्या आवृत्तीचा बफर तयार करण्यात मध्यावर असताना दुसऱ्याने विचारले, ‘बफर आहे का?’ उत्तर आले, ‘अजून नाही.’ त्याने आवृत्ती बदलून पहिली केली. पुढे सॉकेट बंद झाले तेव्हा कर्नलला आवृत्ती पहिली दिसली आणि टायमर तसाच चालू राहिला. सॉकेटची मेमरी मोकळी झाली, दुसऱ्या कुणाला दिली गेली, आणि थोड्या वेळाने तो टायमर त्याच जागेवर उडाला. त्या जागी आपल्याला हवा तो मजकूर आधीच पेरून ठेवणाऱ्याला यंत्राचा पूर्ण ताबा मिळू शकत होता. हा कोड २०११ पासून कर्नलमध्ये होता. दुरुस्ती काही ओळींची: आवृत्ती बदलणारा आणि बफर जोडणारा, दोन्ही मार्गांनी आधी सॉकेटचे लॉक घ्यायचे, मग तपासायचे.

दुसरा नमुना आणखी लहान आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अलेक्झांडर पोपोव्ह यांनी व्हीसॉक, म्हणजे आभासी यंत्र आणि त्याचा यजमान यांच्यातल्या सॉकेटमधले दोष (सीव्हीई-२०२१-२६७०८) दुरुस्त केले. पाच ठिकाणी एकच चूक होती. फंक्शनच्या सुरुवातीलाच ट्रान्सपोर्टचा पॉइंटर स्थानिक चलात उतरवून घेतला होता आणि लॉक त्यानंतर घेतले होते. लॉक मिळेपर्यंत मूळ ट्रान्सपोर्ट बदललेला असू शकतो आणि हातातला पॉइंटर शिळा. दुरुस्ती म्हणजे ती ओळ लॉकच्या खाली नेणे. कोडचे परीक्षण करणाऱ्या कुणाच्याही नजरेतून सुटावी अशी ही चूक आहे, कारण चल जाहीर करतानाच त्याला किंमत देणे ही चांगली सवय मानली जाते.

दोन्ही दोष वेगवेगळ्या काळातले, पण दुरुस्तीचा आकार एकच: पाहणे आणि करणे एकाच लॉकखाली आणणे. मेहनत पॅच लिहिण्यात फारशी नव्हती, फट कुठे आहे हे दिसण्यात होती.

लॉक, आरसीयू की सामायिक काही नकोच

दुरुस्ती कशी करावी याबद्दल ढोबळमानाने तीन पंथ आहेत. एकच माणूस सकाळी एकाचा आणि दुपारी दुसऱ्याचा अनुयायी असतो, हे आधीच सांगितलेले बरे.

पहिला पंथ लॉकवाल्यांचा. लॉक घ्या, काम करा, सोडा. वाचणाऱ्याला कळते आणि यंत्रालाही तपासता येते. आक्षेप दोन. एक, वेग. दुसरा, लॉकची लॉकशी गाठ पडून होणारा डेडलॉक. नेटवर्किंगमध्ये यात भर पडते, कारण पॅकेट हाताळणारा सॉफ्टआयआरक्यू चालू कामाला मध्येच तोडून त्याच कोअरवर धावू शकतो. तेच लॉक आधीच्या कामाने धरलेले असेल तर यंत्र जागच्या जागी थिजते. म्हणून अशा ठिकाणी सॉफ्टआयआरक्यू थोपवून लॉक घेणारी वेगळी पद्धत वापरावी लागते. नेटझेन कंपनीच्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये २०१५ साली नेमकी ही दुरुस्ती झाली आणि तिला एकाच शीर्षकाचे दोन पॅच लागले. पहिल्यात तेच लॉक आणखी कुठे घेतले जाते हे पाहायचे राहिले होते. या कामात हे नित्याचे आहे.

दुसरा पंथ आरसीयूचा, म्हणजे ‘रीड-कॉपी-अपडेट’चा. ही पद्धत ऑक्टोबर २००२ मध्ये २.५.४३ आवृत्तीत आली. पॉल मॅकेनी यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडलेले आहे. लिनक्समध्ये ती रुजवण्यात आयबीएमच्या भारतातल्या गटाचे दीपंकर सर्मा यांचाही मोठा वाटा होता. वाचणाऱ्याने लॉक घ्यायचेच नाही. बदलणाऱ्याने नवी प्रत तयार करून पॉइंटर तिच्याकडे वळवायचा आणि जुनी प्रत पाहणारे सगळे बाजूला होईपर्यंत थांबून मगच ती मोकळी करायची. मधल्या काळात कुणाला रूटिंग टेबलमधला जुना मार्ग दिसला तर? समर्थकांचे उत्तर पटण्यासारखे आहे: दूरच्या राउटरची बातमी आपल्यापर्यंत येईस्तोवर ती शिळीच असते, त्यात आणखी क्षणभराची भर पडल्याने काही बिघडत नाही.

बिघडते ते जोडणीच्या अवस्थांमध्ये. टीसीपीचे सॉकेट शोधताना लॉक नसेल, तर शोधून हाती येईपर्यंत ते सॉकेट मोकळे होऊन त्याच मेमरीत दुसऱ्याच जोडणीचे सॉकेट उभे राहिलेले असू शकते. म्हणून कर्नल आधी त्याची संदर्भसंख्या शून्य नाही ना हे बघून ती वाढवतो, आणि मग दोन्ही टोकांचे पत्ते व पोर्ट पुन्हा जुळवून पाहतो. जुळले नाहीत तर हातातले सोडून शोध पुन्हा. ही पद्धत बरोबर आहे आणि वेगवानही, पण ती समजून घ्यायला नवख्याला बरेच दिवस लागतात, आणि एक पायरी विसरली तर चाचणीत काहीही दिसत नाही. माझे मत विचाराल तर, आरसीयूचे टीकाकार तिच्या गुंतागुंतीवर बोट ठेवतात ते योग्यच आहे, पण आजच्या वेगाच्या कार्डांसाठी लॉकवाल्यांकडे तिला पर्याय नाही.

तिसरा पंथ म्हणतो, सामायिक काही नकोच. प्रत्येक कोअरला स्वतःची रांग, स्वतःचे मोजमाप; एका जोडणीची पॅकेट शक्यतो एकाच कोअरवर. २०१० मधल्या २.६.३५ ने पॅकेट कोअरनिहाय वाटण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आणली, २०१३ मधल्या ३.९ ने एकाच पोर्टवर अनेक सॉकेटना ऐकू देण्याची. डीपीडीकेसारखे प्रकल्प तर कर्नल बाजूला ठेवून कार्ड थेट प्रोग्रामच्या हाती देतात. सामायिक काही नाही तिथे शर्यत नाही, हे खरे. पण रूटिंग टेबल, फायरवॉलचे नियम, इंटरफेसची यादी हे सामायिक ठेवणे टाळता येत नाही, आणि प्रशासकाने इंटरफेस काढून टाकायचे ठरवले की सगळे कोअर पुन्हा एकाच टेबलाशी येतात.

या तिघांच्या कडेला संदर्भसंख्येचा एक वाद होऊन गेला. २०१७ मधल्या ४.११ मध्ये संख्या उलटून शून्यावर जाऊ नये म्हणून राखण करणारा वेगळा प्रकार आला. सुरक्षेची बाजू पाहणाऱ्यांना तो सगळीकडे हवा होता. नेटवर्किंगच्या मेंटेनरना दर पॅकेटमागे पडणारा भार मान्य नव्हता. काही महिन्यांत त्याची वेगवान आवृत्ती आली आणि वाद निवळला.

दोष शोधायचा कसा

या शोधाशी पुण्याचा संबंध जुना आहे. चालत्या कर्नलला थांबवून आत डोकावू देणारा केजीडीबी हा डिबगर अमित काळे यांनी पुण्यातून वाढवला आणि वर्षानुवर्षे मुख्य कर्नलच्या बाहेर सांभाळला. वर उल्लेखलेला नेटझेनचा ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नलकडे पाठवणारेही तेच. टोरवाल्ड्स यांना डिबगर आवडत नसत. त्याने लोक लक्षणाला मलम लावतात आणि मुळाशी जात नाहीत, असा त्यांचा रोख होता. केजीडीबी मुख्य कर्नलमध्ये आला तो २००८ साली, २.६.२६ मध्ये. रेस कंडिशनपुरते बोलायचे तर दोन्ही बाजूंना अर्धेअर्धे गुण द्यावे लागतील. डिबगरने थांबवले की वेळेचे गणितच बदलते आणि दोष दडी मारतो. पण कोसळून पडलेल्या यंत्राची मेमरी वाचायला त्याच्यासारखे साधन नाही.

पुढची साधने वेगळ्या वाटेने गेली. २००६ मध्ये इंगो मोलनार यांचे लॉकडेप आले. ते लॉक कोणत्या क्रमाने घेतली जातात याची नोंद ठेवते आणि डेडलॉक प्रत्यक्ष व्हायच्या आत त्याची शक्यता सांगते. सिझकॉलर हे गुगलमधल्या दिमित्री व्युकोव्ह यांचे साधन सिस्टिम कॉलचा स्वैर मारा करून कर्नल पाडून बघते, आणि त्याचा स्वयंचलित भाऊ सिझबॉट २०१७ पासून सापडलेले दोष जाहीर यादीत टाकत आला आहे. ऑगस्ट २०२० मधल्या ५.८ मध्ये मार्को एल्व्हर यांचे केसीसॅन दाखल झाले. ते मेमरीच्या एखाद्या जागेवर पाळत ठेवते, थ्रेडला मुद्दाम किंचित अडवते, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणी तिथे हात घातला की तक्रार करते.

केसीसॅनने एक जुना वाद पेटवला. आकडेवारीचा काउंटर लॉकविना वाचला आणि तो एकाने चुकला, तर कुणाचे काय बिघडते? एका बाजूचे म्हणणे असे की अशा निरुपद्रवी ठिकाणी ‘एकदाच वाच’, ‘एकदाच लिही’ अशी चिन्हे पेरत बसल्याने कोड विद्रूप होतो आणि खरे दोष गर्दीत हरवतात. दुसरी बाजू कंपायलरकडे बोट दाखवते: त्याला वाटले तर तो एक वाचन दोनदा करील, दोन वाचने एकात मिसळील किंवा ओळी मागेपुढे करील. शिवाय चिन्ह हे वाचणाऱ्या माणसालाही सांगते की इथे लॉक नाही ते जाणूनबुजून. नेटवर्किंगमध्ये दुसरी बाजू सध्या वरचढ आहे. एरिक ड्युमाझे आणि इतरांनी सॉकेटच्या एकेका क्षेत्राभोवती अशा खुणा करण्याचा सपाटाच लावला आहे. तरी एक गोष्ट नजरेआड होऊ नये. २०१६ च्या त्या पॅकेट सॉकेटमध्ये प्रत्येक वाचनावर खूण केली असती तर केसीसॅन गप्प झाले असते आणि भोक तसेच राहिले असते. मेमरीवरची टक्कर आणि तर्कातली फट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्राला पहिली दिसते, दुसरी बहुधा माणसालाच शोधावी लागते.

रस्टवाल्यांचा दावा

डिसेंबर २०२२ मधल्या ६.१ पासून कर्नलमध्ये रस्ट भाषेला जागा मिळाली आणि ६.८ मध्ये, मार्च २०२४ ला, एका नेटवर्क चिपचा पहिला रस्ट ड्रायव्हर आला. समर्थक म्हणतात की रस्टमध्ये लॉक माहितीभोवतीच गुंडाळलेले असते. लॉक न घेता माहितीला हात लावणारा कोड कंपायलरच नाकारतो. कोणते लॉक कशाचे, हे जे सीमध्ये टिप्पणीत किंवा मेंटेनरच्या डोक्यात असते, ते इथे प्रकारातच लिहिले जाते. विरोधक विचारतात की दोन भाषांचा कोड सांभाळायचा कुणी, आणि सीमधल्या लाखो ओळींचे काय. डिसेंबर २०२५ मध्ये कर्नलच्या रस्ट कोडमधली पहिली सीव्हीई जाहीर झाली. ती बाइंडर या ड्रायव्हरमधली होती, आणि दोष होता रेस कंडिशनच, ‘अनसेफ’ म्हणून खूण केलेल्या भागात. दोन्ही बाजूंनी ती आपल्याच पुराव्यात घातली. एका उदाहरणावरून निवाडा करणे घाईचे होईल. शंका घ्यायची जागा ‘अनसेफ’ म्हणून आखलेल्या चौकटीभोवती उरली, एवढे मात्र त्यातून दिसते.

दुरुस्ती पोचते का

पॅच मंजूर झाला म्हणजे काम संपले असे नाही. तो मुख्य कर्नलमधून स्थिर आवृत्त्यांत, तिथून वितरकांकडे किंवा फोनच्या कंपनीकडे आणि शेवटी यंत्रावर यावा लागतो. रेस कंडिशनच्या पॅचला यात एक जास्तीची अडचण आहे. जुन्या आवृत्तीत लॉकची रचना वेगळी असेल तर तोच पॅच तिथे डेडलॉक घडवू शकतो. दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना सहा वर्षे आधार देण्याची प्रथा दोन वर्षांवर आणण्याचा निर्णय २०२३ मध्ये जाहीर झाला, त्यामागे मेंटेनरांवरचा ताण हे एक कारण होते.

फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलचा संघ स्वतःच सीव्हीई क्रमांक देतो आणि ते भरपूर देतो. यंत्रे सांभाळणाऱ्यांना हा गोंगाट वाटतो. संघाचे म्हणणे असे की कर्नल कुठे कसा वापरला जाईल हे ठाऊक नसताना कोणता दोष निरुपद्रवी हे ठरवणारे आपण कोण. तिसरी बाजू म्हणते, दरवाजाच अरुंद करा. पॅकेट सॉकेट उघडायला विशेष अधिकार लागतो, पण फेब्रुवारी २०१३ मधल्या ३.८ पासून साधा वापरकर्ताही स्वतःच्या युजर नेमस्पेसमध्ये तो मिळवू शकतो. उबुंटूने अलीकडच्या आवृत्त्यांत यावर बंधने आणली. त्यामुळे सँडबॉक्ससाठी हीच सोय वापरणाऱ्या काही प्रोग्रामांची पंचाईत झाली, हीही वस्तुस्थिती आहे.

काय बाकी आहे

नेटवर्किंगमध्ये एक मोठे लॉक अजून शिल्लक आहे: आरटीएनएल. इंटरफेस, पत्ते आणि मार्ग यांच्या बदलांना ते एका रांगेत उभे करते. हजारो कंटेनर चालवणाऱ्या यंत्रांवर ती रांग लांबते. ६.१३ पासून ते नेमस्पेसनिहाय फोडण्याची तयारी आणि ६.१५ पासून प्रत्येक कार्डाला स्वतःचे लॉक देण्याचे काम सुरू आहे. बिग कर्नल लॉक फोडताना जे दोष निघाले तसे इथेही निघतील, हे या कामातले लोकही नाकारत नाहीत. दुसरा प्रश्न ६.१२ मध्ये मुख्य कर्नलमध्ये दाखल झालेल्या रिअल-टाइम पर्यायाचा. सॉफ्टआयआरक्यू थोपवला की आपला कोअर आपल्या एकट्याचा, हे नेटवर्किंगच्या कोडने वर्षानुवर्षे न बोलता गृहीत धरले होते. रिअल-टाइममध्ये ते गृहीतक टिकवायला एक मोठे लॉक लागते. ते नको असेल तर जिथे जिथे हा भरवसा धरला आहे तिथे तो एकेक करून उघड लिहावा लागतो. तिसरा प्रश्न सर्वांत जुना: दुरुस्ती पुरी झाली हे सिद्ध कसे करायचे? २०१८ पासून कर्नलचे स्वतःचे औपचारिक मेमरी मॉडेल आहे, पण त्यावर तपासता येतात ते चारदोन थ्रेडचे छोटे तुकडे. अख्खा टीसीपी त्यात मावत नाही.

सोलापूरच्या किंवा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या आणि या कामात शिरू पाहणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगेन: सिझबॉटच्या जाहीर यादीतला, पुन्हा घडवून आणता येणारा एक नेटवर्किंगचा दोष निवडा. पॅच लिहायच्या आधी त्या रचनेतले प्रत्येक क्षेत्र कोणत्या लॉकच्या राखणीत आहे याचा तक्ता कागदावर मांडा, आणि तेच लॉक आणखी कुठे कुठे घेतले जाते ते शोधा. तक्त्यातला एखादा रकाना भरता आला नाही, तर आधी तिथेच पाहा.